सशांना कोणत्या भाज्या चालतात? (कोकणात मिळणाऱ्या सांगा)

सुरूबन (11 जून, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरला असतो. लेकीच्या हट्टापायी गेल्या आठवड्यात घरी दोन ससे आलेत. नावं काजू आणि बोंडू. दुकानदार म्हणाला "तीन महिन्यांचे आहेत, गाजर, कोबी, काहीही घाला, सगळं खातात." खातात हे खरं, पण म्हणून सगळं घालायचं का?

सध्या घरात जो तो आपापल्या परीने घालतोय. सासूबाई भाकरीचा तुकडा, लेक ग्लुकोजचं बिस्कीट, आणि शेजारच्या काकू लाल माठाची जुडी घेऊन हजर. नेटवर शोधलं तर केल, रोमेन, अरुगुला असली नावं येतात. ती आमच्या बाजारात कोण विकणार? इथे मिळतं ते मुळा, माठ, मेथी, कोथिंबीर, पालक, भेंडी, शिराळी, पडवळ, तवसं. परसात शेवगा, केळ, जास्वंद, अळू, रताळ्याचे वेल आहेत. यातलं बिनधास्त काय द्यावं आणि कशाला हातही लावू देऊ नये? पाऊस सुरू झालाय, त्यामुळे पाला सगळा ओलाच येतो, ही आणखी एक काळजी.

जांभाचिरा (11 जून, रात्री 9:52)

घाईत शीर्षक 'सशाची भाजी' असं वाचलं आणि वाटणात काय काय घालायचं ते लिहायलाच बसलो होतो. माफी असावी. काजू-बोंडू ही नावं मात्र फर्स्टक्लास.

गोठ्यातला_डॉक्टर (11 जून, रात्री 10:35)

@जांभाचिरा, तुम्हाला या धाग्यावर बंदी :)

सुरूबनताई, पशुवैद्य आहे. नोकरी गाई-म्हशींत गेली, पण घरी बरीच वर्षं ससे आहेत, म्हणून लिहितो.

आधी गवताचं बोलू, मग भाजीचं. भाजी सशाला तोंडी लावायला. जेवण म्हणजे गवत, ओलं किंवा वाळलेलं. दिवसभरात पोटात जाईल त्यातलं 80 टक्के तरी गवत हवं आणि ते चोवीस तास समोर असावं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचेच नाही तर दाढासुद्धा. ते झिजतात गवत चघळून. शिवाय त्याचं आतडं चोथ्यावर चालतं. चोथा कमी पडला आणि पिठूळ-गोड जास्त झालं की आतल्या जंतूंचं गणित बिघडतं, गॅस धरतो, आतडं मंदावतं आणि थांबतंही. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं बाहेर काढायची सोयच नाही. तेव्हा भाकरी आणि बिस्कीट आजच बंद. सासूबाईंना माझं नाव सांगा.

दुसरं वय. दुकानदार सांगतात त्यापेक्षा पिल्लं बहुतेक वेळा लहान असतात. 12 आठवड्यांच्या आतली असतील तर पाला नकोच. गवत आणि दुकानात सशाच्या खाद्याच्या ज्या गोळ्या खात होती त्याच. त्यानंतर एका वेळी एकच पाला, दोन-चार पानं, आणि दोन दिवस लेंड्यांवर लक्ष. गोल, कोरड्या, सुट्या लेंड्या दिसल्या की पुढची भाजी.

तुमच्या यादीतलं रोज आलटून पालटून चालेल असं: मुळ्याचा पाला, कोथिंबीर, रताळ्याचे वेल, केळीचं पान, जास्वंदीची पानं-फुलं. त्यात पुदिना, शेपू, तुळस, गाजराचा पाला यांची भर घाला. मेथी अधूनमधून. तवसं, शिराळं एखादी फोड, पण आधी स्वतः चाखून, कडू निघालं तर टाकून द्यायचं. मोठ्या सशाला किलोभर वजनामागे दिवसाला एक मोठी वाटी पाला पुरे.

अजिबात नाही: कांदा, लसूण आणि त्यांच्या पाती, बटाटा, वांगं-टोमॅटो-मिरचीच्या झाडाचा पाला, कच्चं अळू आणि सुरण, वाळलेली कडधान्यं. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, आपल्याला खाजरं अळू लागतं तेच. आपण चिंच घालून शिजवून खातो, ससा कच्चं खाणार. परसात कण्हेर, घाणेरी, रुई, धोतरा, एरंड असेल तर सशांना मोकळं सोडू नका.

रापण (11 जून, रात्री 11:05)

आमच्याकडे ससो केळीचा पान असा खाता की देठसुद्धा ठेवना नाय. गाजर दिलंय तर हुंगान बाजूक. तेका कोणी शिकवल्यान माका ठाऊक नाय, पण डॉक्टरांचा बरोबर असा.

हर्णैची_लाट (12 जून, सकाळी 7:15)

गाजराचं जरा सविस्तर सांगा ना. लहानपणापासून प्रत्येक चित्रात सशाच्या हातात गाजरच पाहिलंय.

गोठ्यातला_डॉक्टर (12 जून, सकाळी 7:40)

चित्र काढणाऱ्यांना हिरवा पाला काढायचा कंटाळा. गाजर विषारी नाही, पण कंद आहे, साखर भरपूर. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून एकदोनदा, खाऊ म्हणून. केळं, पिकली पपई, आंबा यांनाही हाच नियम. हापूसची फोड दिलीत तर ससा दुसऱ्या दिवशी गवताकडे बघणार नाही, हा खरा धोका.

खळ्यातली_मांजर (12 जून, सकाळी 9:20)

माझं मत थोडं वेगळं. आमच्याकडे चिपळूणला आजोबांच्या वेळेपासून ससे होते. ओला पाला घातला की ढाळ लागतात, हा घरातला पक्का नियम. पावसात पाला पुसून, पंख्याखाली सुकवूनच द्यायचा. सुरूबन, तुम्हीही तसंच करा. डॉक्टरसाहेब या मुद्द्यावर काही बोलले नाहीत.

गोठ्यातला_डॉक्टर (12 जून, दुपारी 1:10)

बोलतो. पानावरच्या पाण्याने ढाळ लागत नाहीत, धुतलेली भाजी ओली द्यायला काहीच हरकत नाही. उन्हाळ्यात तर मी मुद्दाम निथळती देतो, तेवढंच पाणी पोटात जातं. पावसाळ्यात खरं होतं ते असं: पहिल्या पावसात गवत लुसलुशीत उगवतं आणि माणसं एकदम भाराभर घालतात. काल वाळकं, आज कोवळं, आतड्याला सवय व्हायला वेळच नाही. किंवा कापलेलं ओलं गवत गोणीत दाबून ठेवतात, ते आतून गरम होतं, आंबतं, आणि तेच संध्याकाळी घालतात. त्याने हमखास पोट बिघडतं. आजोबांचा अनुभव खोटा नाही, पण त्यांनी दोष पाण्याला दिला.

खळ्यातली_मांजर (12 जून, दुपारी 1:25)

आंबलेल्या गवताचं पटलं. पण पाला सुकवायचा मी सोडणार नाही, आमच्या सशांना त्याने काही तोटा झालेला नाही.

गोठ्यातला_डॉक्टर (12 जून, दुपारी 1:27)

काहीच हरकत नाही. फक्त सुकवायच्या नादात शिळा करू नका.

पाणकावळा (12 जून, दुपारी 3:00)

लाल माठाबद्दल सांगतो, कारण सुरूबनताईंच्या शेजारच्या काकू आमच्या शेजारच्या काकूंच्या बहीण असाव्यात. आमच्या सशाला माठ खूप आवडायचा. एका सकाळी पिंजऱ्याखालचा कागद बघतो तर विटकरी लाल डाग. बायको रडायला लागली, मी गाडीला किक मारली. रत्नागिरीत डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्ताचा पत्ता नाही. सशाची लघवी कधी पिवळी, कधी नारिंगी, कधी अशी लाल होते. खाण्यातले आणि शरीरातले रंग उतरतात. तेव्हा घाबरू नका, पण एकदा तपासून घ्या. नुसत्या डोळ्यांनी रंग आणि रक्त यातला फरक कळत नाही.

देवरुखी (12 जून, दुपारी 3:30)

मग माठ द्यायचा की नाही द्यायचा?

गोठ्यातला_डॉक्टर (12 जून, संध्याकाळी 6:15)

माठ, पालक, राजगिरा, चाकवत, घोळ, आंबट चुका, बीटचा पाला या सगळ्यांत ऑक्झलेट नावाचा क्षार जास्त. आठवड्यातून एकदा चार पानं चालतील, रोज जुडी नको, आणि एकाच दिवशी पालक-माठ दोन्ही नको.

कॅल्शियमचंही यातच सांगून टाकतो. आपण गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून घेतो. ससा खाण्यात असेल त्या प्रमाणात घेतो आणि उरलेलं लघवीतून टाकतो. फार झालं की लघवी खडूच्या पाण्यासारखी पांढरट, दाट, आणि पुढे मूत्राशयात गाळ किंवा खडा. म्हणून शेवग्याचा पाला कितीही गुणाचा असला तरी एखादी डहाळी, तीही कधीतरी. लसूणघास या चाऱ्याचंही तेच. वाढत्या पिल्लांना ठीक, साधारण सहा महिन्यांनंतर बंद.

अलिबागवाला (12 जून, रात्री 8:45)

कांदा नाही म्हणता, पण आमचा पांढरा कांदा गोड असतो हो. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे!

गोठ्यातला_डॉक्टर (12 जून, रात्री 8:58)

सशाच्या तांबड्या पेशींना जीआय समजत नाही. कांदा गोड असो वा तिखट, पेशी फोडतो, पंडुरोग होतो. माळ तुमच्याच स्वयंपाकघरात टांगा.

अलिबागवाला (12 जून, रात्री 9:01)

ठीक. वालाचं बिरडं तरी?

जांभाचिरा (12 जून, रात्री 9:03)

याला पण बंदी घाला.

सडा_आणि_वारा (12 जून, रात्री 10:10)

भाज्यांवर इतकं झालं, गवताचं कोणी बोलत नाही. कोकणात खरी गोची तिथेच आहे. जून ते सप्टेंबर हिरवं गवत मुबलक, पण वाळकं मिळत नाही आणि असलेलं बुरसतं. मी राजापूरजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर राहतो. आम्ही नवरात्रानंतर ऊन पडलं की गवत कापतो. त्यात एक मेख आहे. सड्यावर कुसळी गवत फार. ते पिकलं की कुसळं अणकुचीदार होतात, टाळूत, जिभेखाली, डोळ्यात घुसतात. आमच्या मादीचा डोळा सुजला होता, चिमट्याने पापणीखालून कुसळ काढलं तेव्हा गाडी रुळावर आली. तेव्हा कापायचं ते फुलोऱ्याच्या आधी, आणि पेंडी हाताने झाडून, बोटं फिरवून बघायची. बोटाला टोचलं ते सशाला टोचणार.

भाताचा पेंढा बसायला उत्तम, चघळायलाही हरकत नाही, पण त्यावर ससा जगत नाही. त्यात कस नसतो.

हर्णैची_लाट (12 जून, रात्री 10:30)

वाळकं गवत पावसात ठेवता कुठे? आम्ही प्लास्टिकच्या पिंपात झाकण लावून ठेवलं, गणपतीत उघडलं तर आत पांढरी बुरशी.

सडा_आणि_वारा (12 जून, रात्री 10:48)

पूर्ण वाळायच्या आत झाकलं असणार. मुठीत पिळल्यावर कुरकुर आवाज यायला हवा, मऊ वाकलं तर अजून दोन उन्हं द्या. आम्ही गोणपाटात सैल भरून पोटमाळ्यावर, जमिनीला आणि भिंतीला न टेकवता ठेवतो. पावसात उघडीप मिळाली की एक गोणी खाली काढून पसरतो. कुबट वास आला तर सरळ खतात. झटकून, वरचं काढून वगैरे द्यायचं नाही.

माजघर (13 जून, सकाळी 10:20)

ज्यांना सडा नाही, शेत नाही त्यांनी हरळी लावा. म्हणजे आपल्या दूर्वा. परसात पाणी सांडतं तिथे आपोआप पसरते. आमच्या सशांना याहून काही आवडत नाही. गेल्या चतुर्थीला आईने एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून ताटात ठेवल्या आणि फुलं आणायला गेली. येऊन बघते तर ताटात दोरे. आईने बाप्पासमोर हात जोडले आणि म्हणाली, "तुझ्या उंदराचा भाऊच आहे, समजून घे." पुन्हा जुड्या करायला मलाच बसवलं.

रापण (13 जून, सकाळी 10:31)

हा हा, आईक माझो नमस्कार सांगा.

घाटमाथा (13 जून, दुपारी 12:15)

थोडं अवांतर. आमच्या बागेत काजूखाली रानसशाचं पिल्लू सापडलंय, अंगावर केस आहेत, डोळे उघडे आहेत, आई दिसत नाही. पाळावं म्हणतो. त्याला काय घालू?

गोठ्यातला_डॉक्टर (13 जून, दुपारी 12:22)

काही घालू नका, जिथून उचललं तिथेच ठेवा, आत्ताच. आपला रानससा बीळ करत नाही. मादी पिल्लाला गवतात लपवून दिवसभर लांब राहते आणि बहुधा अंधार पडल्यावर पाजायला येते. पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळस असतं, ते अनाथ नसतं. पाळीव ससा म्हणजे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंश, त्याची पिल्लं उघडीनागडी, आंधळी जन्मतात. दोघं वेगळे प्राणी. आणि रानससा पकडणं-पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे.

घाटमाथा (13 जून, दुपारी 2:05)

ठेवलं परत. कुत्र्याला बांधून ठेवलंय.

घाटमाथा (14 जून, सकाळी 6:50)

सकाळी जागा रिकामी. ओरबाडल्याच्या खुणा नाहीत, रक्त नाही. आईच घेऊन गेली असं धरून चालतो.

सुरूबन (14 जून, रात्री 9:15)

बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार, डॉक्टरदादांचे विशेष. सासूबाईंना तुमचं नाव सांगितलं, त्यांनी विचारलं, "कोण हे? कुठले?"

काही शंका उरल्यात. कोबी-फ्लॉवरचं काय? दुसरं, काकू म्हणतात पपई दिली की पोटातले केसांचे गोळे विरघळतात, खरं का? आणि तिसरं जरा विचित्र आहे. काजू पहाटे स्वतःच्याच बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खातो. लेकीने पाहिलं आणि जेवली नाही.

गोठ्यातला_डॉक्टर (14 जून, रात्री 10:00)

लेकीला सांगा, ते औषधापेक्षा गुणाचं आहे. सशाला दोन प्रकारची विष्ठा होते. एक कोरड्या लेंड्या. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी, ती तो थेट तोंडाने उचलतो. तिच्यात आतड्यातल्या जंतूंनी बनवलेली ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात. अडवू नका. उलट ती मऊ विष्ठा खाली पडलेली, चिकटलेली दिसायला लागली तर समजायचं, पाला-गोळ्या जास्त होतायत, गवत कमी पडतंय.

कोबी काही सशांना सोसतो, काहींना गॅस धरतो. वय वाढेपर्यंत नकोच, नंतर बाहेरचं एखादं पान देऊन बघा. फ्लॉवरचा गड्डा नको, पाला थोडा चालेल. या दोन्हींवर फवारणी भरपूर असते, धुऊन घ्या. पपईने केस विरघळत नाहीत. केस सगळेच ससे गिळतात, आतडं नीट चालत असलं की लेंडीतून जातात. गोळा होतो तो आतडं मंदावल्यामुळे, त्याला उपाय पुन्हा गवतच.

पाणकावळा (14 जून, रात्री 10:40)

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ससा दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्याही नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही. आमचा पहिला ससा असाच गेला. तालुक्यात ज्यांच्याकडे नेला त्यांनी कुत्र्या-मांजरांना देतात ती पोटात घ्यायची ॲमॉक्सिसिलिनची गोळी दिली. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिनच्या जातीची औषधं सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, हे आम्हाला नंतर कळलं. ससे बघणारा पशुवैद्य कुठे आहे, रविवारी फोन उचलतो का, हे आजच विचारून ठेवा.

देवरुखी (14 जून, रात्री 10:55)

आणि दोघांचं लिंग तपासून घ्या. आम्हाला दोन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या. महिना गेला आणि एका सकाळी पिंजऱ्यात उंदरासारखी सहा पिल्लं वळवळत होती.

जांभाचिरा (14 जून, रात्री 10:57)

काजू आणि बोंडूच्या पिल्लांची नावं: पापड, सरबत, फेणी.

सुरूबन (14 जून, रात्री 11:10)

@देवरुखी, घाबरवू नका हो! शनिवारी चिपळूणला दाखवायला नेतेय, वय आणि हे, दोन्ही विचारून येते.

सुरूबन (22 जून, दुपारी 4:30)

जाऊन आले. दोघेही नर, आणि वय जेमतेम नऊ आठवडे. म्हणजे डॉक्टरदादा म्हणाले तसं पाला आत्ता नाहीच. गोळ्या आणि गवत. विहिरीजवळची हरळी आधीपासून खात होतेच, ती हळूहळू वाढवतेय. शेजारच्या सुताराकडे भिंतीला टेकून ठेवलेलं वाळकं गवत मिळालं, त्यातलं निम्मं कुबट निघालं ते माडाच्या आळ्यात घातलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी एक सांगितलं, चार-पाच महिन्यांचे झाले की दोन नर भांडतात, एकमेकांना जबर चावतात, नसबंदी करायची नसेल तर वेगळे ठेवा. सासूबाईंनी भाकरी थांबवली आहे, पण दूर्वा खुडायला आता त्याच जातात आणि "माझ्या हातचं जास्त खातात" असं सांगतात.

माजघर (22 जून, दुपारी 5:02)

चतुर्थीच्या दूर्वा कुलपात ठेवा.

नवाखवा (3 जुलै, सकाळी 11:45)

उशिरा आलो धाग्यावर. आमच्याकडे गिनीपिग आहेत. त्यांनाही हीच यादी चालेल ना?

गोठ्यातला_डॉक्टर (3 जुलै, दुपारी 2:20)

गवत तेच, नको ती यादीही बरीचशी तीच. पण ससा क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतो, गिनीपिगला ते बनवता येत नाही, रोज खाण्यातून मिळालं पाहिजे. नाहीतर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. सिमला मिरचीची फोड रोज द्या. सशाच्या गोळ्या त्यांना देऊ नका, त्यात हे जीवनसत्त्व घातलेलं नसतं. बाकी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.